एका कोयत्यात माणसं किती?

प्रश्न: मी धारूर तालुक्यातली. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र. आई-अण्णा दरवर्षी ऊसतोडीला जातात. सरांनी ऊसतोड कुटुंबांवरच प्रकल्प दिलाय, पण गृहीतक, चल, नमुना निवड हे शब्द पाठ करूनही डोक्यात शिरत नाहीत. पुढं एम.ए. करावं का? अण्णा म्हणतात, पोलीस भरतीला लाग.

उत्तर: बाळा, यातला सगळ्यात अवघड प्रश्न तुझ्या घरात दर दिवाळीआधी बोलला जातो. मजूर जमवणारा मुकादम विचारतो, ‘यंदा कोयते किती?’ आई आणि अण्णा मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला; हिशेब कोयत्याचा. आता तुझ्या वहीत ‘मजुरी’ असा रकाना आखलास, तर आईची मजुरी कुठं लिहिणार? मोजायचं एकक कुटुंब धरलंस तर आई दिसतच नाही, व्यक्ती धरलीस तर दिसते. पहाटे उठून कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, भाकरी थापणं हे काम धरायचं की नाही, हेही तुलाच ठरवून लिहावं लागेल. त्याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दरखाइमनं १८९७ साली आत्महत्येवरचा ग्रंथ लिहिला, त्यात आकड्यांआधी आत्महत्या कशाला म्हणायचं हे ठरवलं. आपल्याकडं शेतकरी आत्महत्यांच्या सरकारी नोंदीत सरकारी मदतीला ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे दोन रकाने असतात. व्याख्या हलली की आकडा हलतो.

नमुना म्हणजे सगळ्यांऐवजी निवडलेली थोडी घरं. त्याचं मी स्वतः चूक करून शिकलो. एम.ए.ला असताना जानेवारीत एका गावात पाहणी केली. ग्रामपंचायतीच्या यादीतून घरं निवडली होती. दाराला कुलूप दिसलं की शेजारचं घर घेत गेलो. शेवटी वहीत उरली ती फक्त ज्यांना गाव सोडावं लागत नाही अशी घरं, आणि मी स्थलांतरावर लिहीत होतो! तू तसं करू नकोस. कुलूप हीसुद्धा नोंद आहे, ती लिही.

‘ऊसतोड कामगारांची अवस्था वाईट आहे’ हे गृहीतक नव्हे. ‘आजी-आजोबा मागं राहतात त्या घरातली मुलं शाळेत जास्त दिवस येतात’ हे गृहीतक, कारण ते खोटंही ठरू शकतं. आजी-आजोबा असणं आणि हजेरी या घरागणिक बदलणाऱ्या गोष्टी, म्हणून हे दोन चल. हजेरी शाळेच्या पटावर सापडेल. प्रश्नावली वाटू नकोस, ती उत्तर देणाऱ्यानं स्वतः भरायची असते. तू मुलाखत अनुसूची घे: तू विचारायचं, तू लिहायचं.

अण्णांचं चुकत नाही. भरतीला वयोमर्यादा असते. पण एम.ए. करताना भरतीची तयारी थांबत नाही. प्राध्यापक व्हायचं तर पुढं नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागेल, आणि जागा भरायला वर्षं लागतात हे आधीच मान्य करून चाल. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड इथल्या विद्यापीठांची चौकशी कर, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्रही बघ. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्या करते, त्यांना गावोगाव फिरून विचारणारी माणसं लागतात. ज्या बाईचं बोलणं तुला दुभाष्याशिवाय कळतं, ते शहरातल्या पदवीधराला शिकावं लागतं.

पाडव्याच्या सुमारास आई परतली की पहिली मुलाखत तिची घे. अण्णा घरात नसताना. आणि मजुरीचा प्रश्न तिला तिच्या एकटीच्या कामाबद्दल विचार.