ड्राफ्टमध्ये नाव नसलेल्या खेळाडूविषयी

तुम्ही नुकतेच कॉलेज बास्केटबॉलमधील खेळाडू पारखू लागला आहात, म्हणून आग्रहाने सांगतो, की लहान कॉलेजचे नाव पाहून कोणावरही फुली मारू नका. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट; त्याच्या दोन फेऱ्यांत फार तर ६० नावे पुकारली जातात, पण दार तिथेच बंद होत नाही. विल्यम्स या तिसऱ्या श्रेणीतील कॉलेजातून मिशिगन विद्यापीठात गेलेल्या डंकन रॉबिन्सनला २०१८ मध्ये एकाही संघाने निवडले नाही. मायामी हीट या एनबीए संघाने त्याला टू-वे करारावर (एनबीए आणि तिची दुय्यम जी लीग, दोन्हींत खेळण्याच्या) घेतले आणि २०१९-२० च्या हंगामात त्याने तब्बल २७० थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे बास्केट) मारले.

चित्रफीत पाहताना चेंडूपेक्षा पायांकडे पाहा. पास हाती येण्याआधीच ते नेमासाठी सज्ज असतील आणि चौथ्या क्वार्टरमध्ये, दमल्यावरही, बचाव करताना गुडघे वाकलेले राहत असतील, तर त्या मुलाचे नाव वहीत नक्की टिपून ठेवा. कॉलेजात वीस गुण काढणाऱ्याला वरच्या पातळीवर बहुधा चेंडूच कमी मिळतो. तिथे एकच काम चोख करणारा टिकतो. बहुतेकांची वाट जी लीग किंवा युरोपातील क्लबांतून जाते, आणि माझ्या मते तीही मानाचीच व्यावसायिक कारकीर्द आहे.