ताटावर आडवा हात

विश्रामबाग, सांगली

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल तुझी आई जिन्यातच भेटली. रोटरीच्या स्टुडंट एक्स्चेंजमधून वर्षभर तिथल्या एका घरी राहून शिकायला जायचा तुझा अमेरिकेचा व्हिसा झाला म्हणून सांगितलं आणि लगेच डोळे पुसायला लागली. मग म्हणाली, "काकू, हिला जरा चार गोष्टी सांगा, तुम्ही जाऊन आलाय." पस्तीसेक वर्षांनी कुणाला तरी माझं ते वर्ष आठवलं! समोर बसवून सांगायला लागले तर तू नुसती मान हलवशील आणि मी वाहवत जाईन. म्हणून लिहितेय.

रोटरीच्या ओरिएंटेशनमध्ये तुला नियम सांगितलेच असतील. ते चार 'डी' तर पाठ झाले असतील: ड्रिंकिंग नाही, ड्रग्ज नाहीत, ड्रायव्हिंग नाही, डेटिंग नाही. त्यावर मी काही बोलत नाही, तुझे बाबा बोलतील. मी सांगणार आहे ते जेवणाच्या टेबलावरचं.

1989 चा ऑगस्ट. मी सतरा वर्षांची. जर्मनीत ग्योटिंगेनजवळच्या एका खेड्यात पोचले, तेव्हा मला जर्मनचे दोनच शब्द धड येत होते. त्यातला एक 'डांके', म्हणजे धन्यवाद. तिथं गरम जेवण दुपारी एकदाच. रात्रीच्या जेवणाला ते 'आबेंडब्रोट' म्हणतात, संध्याकाळचा ब्रेड. काळपट, आंबूस, जड ब्रेड, लोणी, चीज, काकडीच्या चकत्या. पहिल्या रात्री मी लाजत एक तुकडा खाल्ला. यजमानीणबाईंनी ब्रेडची टोपली माझ्यापुढं धरली आणि काहीतरी विचारलं. मी हसून म्हटलं, "डांके." टोपली पुढं गेली. थेट त्यांच्या मुलाकडं. मला वाटलं, परत येईल. आपल्याकडं येतेच की. आली नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी रोज मनापासून 'डांके' म्हणत होते आणि रोज उपाशी उठत होते. पाचव्या रात्री त्यांच्या धाकट्यानं मला स्वयंपाकघरात अंधारात पकडलं. हात भडंगाच्या पुडीत, तोंड भरलेलं. त्यानं जाऊन आईला सांगितलं. सकाळी त्या माझ्यासमोर बसल्या आणि टोपली हातात घेऊन नाटक करून दाखवलं. काही देऊ केल्यावर नुसतं 'डांके' म्हटलं की त्याचा अर्थ 'नको'. हवं असेल तर म्हणायचं 'या, बिट्टे'. पाच दिवस मी त्या बाईला तोंडावर नको म्हणत होते आणि मनात म्हणत होते, काय ही माणसं, एकदा तरी आग्रह करावा!

तू जातेयस तिथं जर्मन नाही, इंग्रजी आहे आणि तुझं इंग्रजी चांगलं आहे. तरी हे लिहितेय, कारण माझी अडचण नुसती भाषेची नव्हती. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा संकोच करायचा, तिसऱ्यांदा वाढलं की "बरं, थोडंसंच." आणि वाढणाऱ्यानंही तीनदा विचारायचंच. त्यातलं तिसरं विचारणं तिथं नाही, दुसरंही बहुधा नाही. तू नको म्हणालीस की त्यांच्या लेखी तुला नको. यात तुटकपणा नाही. उलट त्यांना वाटतं, मुलगी नको म्हणाली, तिच्या शब्दाचा मान ठेवला.

याची दुसरी बाजू मी आमच्याच घरात पाहिली. 2013 साली आमच्याकडं ब्राझीलची एक मुलगी तीन महिने होती. होळीला सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या. पोरीच्या ताटात एक संपली की दुसरी, वर तुपाची धार. ती खात होती. मला बरं वाटत होतं, सासूबाईंना तर काय, फारच. पाच झाल्या. रात्री तिला उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "अगं, नको का म्हणाली नाहीस?" ती म्हणाली, "म्हटलं ना, सहा वेळा म्हटलं." आणि खरंच म्हटलं होतं. आम्ही ते नको ऐकलंच नव्हतं. मग मी तिला ताटावर आडवा हात धरायला शिकवलं, मान किंचित खाली, "पुरे आजी, पोट भरलं." त्या हातापुढं सासूबाई नमल्या. पुढं त्या पोरीनं घरून लिहिलं की तिच्या आजीसमोरही ती आता असाच हात धरते आणि आजीला ते काय चाललंय कळत नाही.

तर तुझ्यासाठी सगळं उलटं आहे. हवं ते एकदाच, पण स्पष्ट सांग. भूक लागलीय, थंडी वाजतेय, हे मला खाता येत नाही, मला समजलं नाही, हे कसं वापरायचं. विचारण्यात लाज नाही. न विचारल्यानं मी काय केलं ते ऐक.

तिथल्या बाथरूमला मोरी नसते. म्हणजे आंघोळीच्या टबाला असते, खालच्या फरशीला नसते. मी आपली टबाबाहेर उभी राहून, पाणी घेऊन, सांगलीतल्यासारखी भडाभडा अंघोळ केली. पाणी जायला जागा नाही. ते लाकडी जमिनीतून उतरलं आणि खाली जेवणाच्या टेबलावर टपकायला लागलं. यजमान छत्री घेऊन टेबलाशी बसले होते, चेष्टेनं, पण मला त्या दिवशी चेष्टा कळली नाही. टबात उभं राहायचं, पडद्याची कड टबाच्या आत घ्यायची. एवढंच होतं ते.

तुझ्याकडं आणखी एक गंमत होईल. तू हौसेनं पोह्यांना फोडणी देशील. मोहरी तडतडेल, मिरचीचा खाट उठेल आणि छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागेल. घरं लाकडी, आगीची धास्ती मोठी. आधी सांग, पंखा लाव, खिडकी उघड. आणि हळद नेतेयस ते छानच, सांगलीची पोर हळद नेणार नाही तर कोण नेणार. पण पांढऱ्या ओट्यावर सांडू नकोस. तो डाग तुझ्या नावानं त्या घरात राहील.

यातली एक गोष्ट मात्र गमतीची नाही. शेंगदाण्याचं कूट. आपल्या भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत, सगळीकडं. तिथं कित्येक मुलांना शेंगदाण्याची अॅलर्जी असते, काहींना इतकी की घसा सुजून जीव जाऊ शकतो. आई तुझ्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी भरणार, मला माहीत आहे. यजमानांना आजच ईमेल करून विचार, घरात कुणाला चालत नाही का. चालत नसेल तर चटणी आम्हाला दे, आम्ही बघतो. आणि भडंगातही शेंगदाणे असतात, विसरू नकोस.

आता कामाचं. तुला ठेवून घेतल्याबद्दल त्या घराला कुणी पैसे देत नाही. अमेरिकेत शाळकरी एक्स्चेंजच्या मुलांसाठी हा नियमच आहे. म्हणजे ती पेइंग गेस्टची खोली नव्हे. आपल्याकडं भांडी-धुण्याला मावशी येतात आणि तू बारावीच्या मुलांसारखी "अभ्यास आहे" म्हणून सुटतेस. तिथं डिशवॉशर भरणं, कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवणं, कुत्र्याला फिरवणं यातलं काहीतरी तुझ्या वाट्याला येईल. येऊ दे. पहिल्या आठवड्यातच तूच विचार, माझं काम कोणतं. आणि थँक्यू म्हणत जा, पाणी दिल्याबद्दलसुद्धा. आपण आईला थँक्यू म्हटलं तर ती ताप बघेल; तिथं नाही म्हटलं तर त्यांना वाटतं पोरगी रुसलीय.

रुसण्यावरून आठवलं. माझा भाचा 2019 साली असाच बाहेर होता. त्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. तुला सांगायला नको, इशारा पातळी 40 आणि धोक्याची 45 हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. तो रात्रभर फोनवर पाणी किती चढलं ते बघायचा आणि दिवसा घुम्यासारखा बसायचा. घरच्यांना सांगितलं नाही, म्हणे त्यांना कशाला त्रास. यजमानीण बिचारी समजली की हा आपल्यावर नाराज आहे. आठवड्यानं तिनं रडत विचारलं, माझं काय चुकलं. मग यानं नकाशा काढून दाखवला. त्या संध्याकाळी घरातले सगळे त्याच्या फोनभोवती बसून आमच्या गल्लीतल्या होड्या बघत होते. तिथल्या लोकांना कृष्णा माहीत नाही. तू सांगितलंस तरच कळणार.

आणि फोनचं जरा ऐक, आईला हा परिच्छेद वाचून दाखव. मी गेले तेव्हा पत्राला पंधरा दिवस लागायचे, म्हणून मला तिथंच राहावं लागलं, मनानंही. तुझी आई दिवसातून तीनदा व्हिडिओ कॉल करेल. तू तिथल्या खोलीत बसून सांगलीच्या स्वयंपाकघरात राहशील. तुझी रात्रीची आठ म्हणजे इथली सकाळची साडेसहा, नोव्हेंबरात घड्याळं मागं गेली की साडेसात. आठवड्यातून एक वार ठरवा. घराची आठवण दणकून येईल ती पहिल्या महिन्यात नाही, नवलाई ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास. त्या दिवशी शाळा असेल, कुणाला काही माहीत नसेल. दोन पणत्या ने. लावण्याआधी विचार, तो अलार्म आहेच.

आता जरा गंभीर. मी वर संकोच सोड म्हणतेय ते फक्त ब्रेडसाठी नाही. आमच्या बॅचमधली एक मुलगी दुसऱ्या एका देशात गेली होती. त्या घरातला एक माणूस दार न वाजवता तिच्या खोलीत यायचा. तिनं पाच महिने कुणाला सांगितलं नाही, कारण लोक काय म्हणतील, इतका खर्च झालाय, घर बदललं तर आपल्यातच खोट दिसेल. शेवटी सांगितलं तेव्हा तिथल्या जबाबदार माणसानं आधी "तुझा गैरसमज झाला असेल" असंच म्हटलं. दुसऱ्यांदा, वरच्या माणसाकडं सांगितलं तेव्हा घर बदललं. म्हणून तुला बजावते. अंगाला हात, दार न वाजवता येणं, तुझा पासपोर्ट काढून घेणं, पोटभर खायला न मिळणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी सांग. तुझ्या तिथल्या काउन्सेलरला सांग, त्यानं ऐकलं नाही तर त्याच्या वरच्याला, आणि इथं आम्हाला, रात्री दोनलासुद्धा. घर बदलणं म्हणजे नापास होणं नव्हे. तसंही रोटरीत वर्षभरात दोन-तीन घरं बदलतातच. पासपोर्ट तुझ्याकडं, त्याची झेरॉक्स बाबांकडं.

पण बहुतेक असं काही होणार नाही. बहुतेक काय होईल, तेही सांगते.

9 नोव्हेंबर 1989 च्या रात्री बर्लिनची भिंत उघडली, जर्मनीचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे करणारी सीमा खुली झाली. आमच्या खेड्यापासून पूर्व जर्मनीची सीमा पंधरा-वीस किलोमीटरवर. यजमानांच्या आई, आम्ही त्यांना ओमा म्हणायचो, टीव्हीसमोर उभ्याच राहिल्या, बसायला तयार नाहीत. त्यांची बहीण पलीकडं होती. शनिवारी पहाटे दारात एक पिटुकली ट्राबांट, पूर्व जर्मनीतली गाडी, येऊन थांबली, निळा धूर सोडत. आतून ओमाची बहीण धरून चार माणसं उतरली. रडारड, मिठ्या, कॉफी. मी जिन्यात उभी. आपलं इथं काही काम नाही, असं वाटून वर जायला वळले.

तेवढ्यात यजमानीणबाई जिन्याखालून ओरडल्या, माझ्या नावानं. खोली रिकामी कर, चादरी बदल, तू आज धाकट्याच्या खोलीत जमिनीवर झोपायचं, आणि आधी खाली येऊन बटाटे सोल. 'प्लीज' नाही, 'जमेल का' नाही. तीन महिने ती बाई माझ्याशी किती जपून बोलायची! मी गादी ओढत जिन्यानं नेत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. घरात पाहुणे आले होते आणि पहिल्यांदाच ते पाहुणे म्हणजे मी नव्हते.

त्या रात्री टेबलावर अकरा माणसं होती. टोपली फिरली. ओमाच्या बहिणीनं लाजत 'डांके' म्हटलं. ती चाळीस वर्षांनी भेटलेली, पण जर्मनच, तिला त्याचा अर्थ बरोब्बर माहीत होता. टोपली पुढं निघाली. मी ती अडवली आणि तिच्या ताटात दोन तुकडे वाढले. यजमानीणबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हातारीनं दोन्ही खाल्ले.

किरकोळ राहिलेलं: कॉलेजला जाऊन बारावीच्या प्रवेशाचं काय ते लेखी घे, तोंडी नको. वर्ष वाया गेलं म्हणणारे नातेवाईक येतील, त्यांना चहा दे. यजमानांच्या घराचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्यांना विचार. बॅग 23 किलोच्या आत बसवायची आहे, आमच्याकडं काटा आहे, रविवारी घेऊन ये. जेवूनच जा. कटाची आमटी करणार आहे.

वाढताना एकदाच विचारीन.

तुझी,
काकू