पिग्मीच्या ॲपमधले जादा रकाने

सप्रेम आशीर्वाद.

पतसंस्थेच्या, म्हणजे आपल्या सोसायटीच्या, पिग्मी ॲपसाठी तू पाठवलेला डेटाबेसचा आराखडा बघितला. काम स्वच्छ आहे, टेबलांची नावं वाचली की अर्थ लागतो. तुझ्या वयाच्या पोरांत हे क्वचित बघायला मिळतं. पण खातेदाराच्या टेबलात 41 रकाने कशाला रे? सोसायटीच्या मॅनेजरनी यादी दिली म्हणून घातलेस, असं लिहिलंयस. फ्रेमवर्क कुठलं घ्यावं हे तू माझ्यापेक्षा बरं ठरवशील, म्हणून मी त्या रकान्यांबद्दलच लिहितो.

पिग्मी ही रोज थोडे थोडे पैसे साठवायची आपल्याकडची जुनी सोय. 1928 मध्ये पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेनं रोज दोन आण्यांपासून पैसे गोळा करायला सुरुवात केली, आणि आज बेळगावात सोसायटीच्या पिग्मी एजंटाची दुकानातली फेरी कुणाला नवी नाही. व्यवहार मात्र तेवढाच राहिला: कोणी, किती, कधी, कोणाच्या हातात दिले. एवढं नोंदव आणि पावतीचा एसएमएस थेट खातेदाराला जाऊ दे. पुढच्या प्रत्येक रकान्याला विचारायचं, तू नसलास तर पावती अडेल का?

मॅनेजरना एजंटाचं दिवसभराचं लोकेशन हवंय, कारण त्यांचा त्याच्यावर भरवसा नाही. पण दुकानदाराच्या फोनवर त्याच क्षणी पावती आली आणि संध्याकाळी रोख जुळवली, की अफरातफर तिथंच सापडते. लोकेशनमधून भलतंच सापडतं: दुपारी एजंट कुठल्या दवाखान्यात बसला होता, कुठल्या पक्षाच्या सभेला थांबला होता. अगदीच हट्ट धरला तर पावती फाडताना एकदा जागा नोंदव. अँड्रॉइडनं 2019 पासून ‘ॲप वापरात असतानाच’ हा पर्याय दिलाय, तेवढीच परवानगी माग. फोनमधल्या संपर्कयादीची तर मागूच नकोस. एजंटाच्या मेव्हण्याचा नंबर सोसायटीला कशाला?

आता मोबाइल आणि आधार. ‘हॅश करून ठेवतोय, म्हणजे सुरक्षित’ असं तू लिहिलंयस. हॅश म्हणजे नंबराचा गणितानं काढलेला ठसा: ठशावरून नंबर उलटा काढता येत नाही, पण त्याच नंबराचा ठसा दर वेळी तोच येतो. हिशेब करून बघ. आपले मोबाइल नंबर दहा आकडी, 6 ते 9 नं सुरू होणारे, म्हणजे जास्तीत जास्त 400 कोटी. एसएचए-256 ही हॅशची नेहमीची पद्धत नुसती लावलीस तर बरा ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक सगळे नंबर बघता बघता हॅश करून तुझ्या यादीशी जुळवून दाखवेल. आधार बारा आकडी. तिथं वेळ थोडा जास्त, इतकंच. नंबर लागणारच असेल तर किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा नीट कूटबद्ध कर आणि ती किल्ली वेगळ्या ठिकाणी ठेव. आधारची ओळख पटवून झाली की शेवटचे चार आकडे पुष्कळ झाले. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत, ओटीपी आणि नंबर छापले जातायत, ते आजच काढ. चाचणीसाठी खऱ्या खातेदारांची यादी स्वतःच्या लॅपटॉपवर घेऊ नकोस, खोटी नावं बनव.

‘आपल्या गावात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, मग एवढं कशाला?’ हा तुझा प्रश्न मला आवडला. खरंय, गल्लीत काही लपत नाही. पण समोरच्या काकूंना तुझं माहीत असतं तसं तुलाही काकूंचं माहीत असतं, आणि आपल्याविषयी कोण काय बोललं हे चार दिवसांत कानावर येतं. डेटाबेसमध्ये कोणी डोकावलं हे कानावर येत नाही. आणि धोका कुठल्या परदेशी हॅकरचा आहे असं समजू नकोस. समज, गणपत गल्लीतल्या एका कापडवाल्याची पिग्मी रोज 500 होती ती महिनाभर 100 वर आली. म्हणजे धंदा बसलाय. त्याला उधारीवर माल देणारा व्यापारी हे बघू शकला तर दुसऱ्या दिवशी उधारी बंद. आता सांग, सोसायटीचे संचालक कोण असतात? याच बाजारातले व्यापारी! म्हणून संचालकांच्या स्क्रीनवर फक्त एकूण बेरजा दाखव. एकेकाचं खातं ज्याला कामासाठी लागतं त्यालाच उघडू दे, आणि कोणी कधी उघडलं याची नोंद ठेव. बदल केल्याची नोंद सगळेच ठेवतात, नुसतं बघितल्याची कोणी ठेवत नाही. या एका गोष्टीसाठी मॅनेजरशी भांडावं लागलं तरी भांड.

‘मातृभाषा’ हा रकाना बघून तर मी कपाळाला हात लावला. हेतू चांगला असेल, मेसेज मराठीत पाठवायचा की कन्नडमध्ये हे कळायला. पण 1956 च्या भाषावार राज्यरचनेपासून इथं दुकानाच्या पाटीवरून रान पेटतं, आणि तू हजारो माणसांची भाषावार यादी तयार करून एका क्लिकवर छापण्याची सोय करतोयस! निवडणुकीच्या तोंडावर ती कोणाकोणाला हवीशी वाटेल? तिथं ‘मेसेज कोणत्या भाषेत हवा’ एवढंच विचार. शहापूरचा विणकर घरी मराठी बोलत असेल आणि मेसेज कन्नडमध्ये मागेल, ती त्याची मर्जी. आडनावावरून भाषा ओळखायचा कोड तर काढूनच टाक. आपल्याकडं पाटील दोन्हीकडचे आहेत.

मॅनेजर ऐकत नसतील तर कायदा पुढं कर. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला एकमतानं सांगितलं. तो खटला के. एस. पुट्टस्वामी यांच्या नावानं ओळखला जातो, आणि ते आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल 250 कोटींपर्यंत दंड ठेवलाय. बोर्डाच्या बैठकीत हा आकडा उपयोगी पडतो. त्याच कायद्याप्रमाणे, माहिती कशासाठी घेतो याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय माणसाला द्यावा लागतो. त्या 22 भाषांत मराठीही आहे, कन्नडही.

मी स्वतः काय पाळतो असं विचारलंयस. फार काही नाही. दुकानात बिलासाठी नंबर मागितला तर देत नाही, झेरॉक्सच्या दुकानात आधारची फाइल मागं राहू देत नाही, ॲपच्या परवानग्या अधूनमधून तपासतो. कोल्हापूरला निघालो की हत्तरगी आणि कोगनोळीच्या टोलनाक्यावर फास्टॅगची नोंद होते, निपाणीपुढं फोन महाराष्ट्राचा टॉवर पकडतो. ते टळत नाही, आणि त्यासाठी मी फोन घरी ठेवत नाही. डोंगरात जाऊन राहण्याचा सल्ला देणाऱ्यांचं मला हसू येतं. निदान आपण लिहितो त्या फॉर्ममध्ये तरी लोकांना नको ते विचारू नये.

आराखडा पुन्हा पाठव. बारा-पंधरा रकान्यांत बसेल असा माझा अंदाज आहे. एखादा जास्त लागला तर कारण लिही, मी ऐकेन. बंद झालेल्या खात्याची माहिती किती वर्षांनी पुसायची हे ऑडिटरना विचारून ठरव, आणि बॅकअपमधूनही जाईल असं बघ. संमतीच्या सूचनेतला मराठी मजकूर मी तपासून देतो. कन्नडचा तुझ्या आईला दाखव. ती कन्नड शाळेत शिकलीय, माझ्यासारखं अडखळत वाचत नाही.