स्क्रॅप म्हणजे भंगार ना? मग ते कुत्र्याला कसं घालतात?

तुमचा प्रश्न असा: मुलीच्या इंग्रजी पुस्तकात एक मुलगा जेवण झाल्यावर कुत्र्याला 'स्क्रॅप्स' घालतो, आणि आपल्याकडे तर स्क्रॅप म्हणजे भंगार. मग कुत्रा काय नटबोल्ट खातो?

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझी २१ वर्षं गेली. गेटपासवर हा शब्द मी इतक्या वेळा लिहिलाय की बरीच वर्षं मलाही वाटायचं, हा शब्द लोखंडासाठीच जन्माला आलाय. पण गंमत म्हणजे खाणं आधीचं आणि लोखंड नंतरचं. जुन्या नॉर्समधून, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून, हा शब्द इंग्रजीत आला, तो साधारण चौदाव्या शतकात, अन्नाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांसाठी. मूळ क्रियापद खरवडण्याचं. 'स्क्रेप' म्हणजे खरवडणं हा त्याचाच भाऊबंद. आपल्याकडे नाही का, दुधाच्या पातेल्याला खाली लागलेली ती खरवड? खरवडण्यावरून खरवड, तसंच हे. धातूच्या तुकड्यांना स्क्रॅप म्हणायला लागले ते कितीतरी नंतर.

आता 'लेफ्टओव्हर' आणि 'स्क्रॅप्स' यांत घोळ करू नका. रात्रीची भाजी डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली, सकाळी उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा केला, भाताला फोडणी दिली, हे सगळं लेफ्टओव्हर. ते माणसांनीच परत खायचं असतं. स्क्रॅप्स म्हणजे ताटात राहिलेले कडेचे तुकडे, हाडं, चरबी, पावाच्या कडा. आपलं 'खरकटं' त्याच्या बरंच जवळ जातं. 'उष्टं' मात्र नाही, कारण उष्ट्यात कुणीतरी तोंड लावल्याचा जो भाव आहे तो इंग्रजीला ठाऊकच नाही. 'किचन स्क्रॅप्स' म्हटलं की त्यात भाजीची देठं, सालं, चहाचा चोथाही आला. थोडक्यात, आपल्या घंटागाडीतला ओला कचरा.

स्क्रॅप्स नेहमी टाकाऊच असतात असंही नाही. इंग्लंडच्या उत्तर भागात मासे तळणाऱ्या दुकानांत कढईत सुटलेले पिठाचे कुरकुरीत कण गिऱ्हाईक मागून घेतं, आणि त्यांनाही 'स्क्रॅप्स'च म्हणतात. वडापाववाल्याकडे 'जरा चुरा टाका' म्हणतो, तोच प्रकार.

व्याकरणात एक मेख आहे. अन्नाचे असतील तर अनेकवचन, 'स्क्रॅप्स'. धातूचं असेल तर नुसतं 'स्क्रॅप', मग एक किलो असो की एक ट्रक. कागदाचा असेल तर 'अ स्क्रॅप ऑफ पेपर', म्हणजे आपलं चिटोरं. १९१४ साली बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणाऱ्या १८३९ च्या तहाला जर्मन चॅन्सलरने असंच चिटोरं म्हटलं होतं, आणि ते शब्द ब्रिटनने युद्धाच्या प्रचारात पुरेपूर वापरले. 'नॉट अ स्क्रॅप' म्हणजे तिळमात्र नाही.

कारखान्यात या शब्दाला धार येते. लेथवरून, म्हणजे धातू कातायच्या मशीनवरून, चकलीसारखी वळत पडणारी ती निळसर झाक असलेली चीप, म्हणजे धातूची कात्रण, स्क्रॅपच. पण मापात चुकलेला पार्ट लगेच स्क्रॅप होत नाही, आधी 'रीवर्क' होतो का, म्हणजे पुन्हा काम करून मापात बसतो का, ते बघतात. काहीच होण्यासारखं नसेल तरच तो लाल क्रेटमध्ये जातो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातली व्याख्याही याच अंगाने जाते: तुटल्यामुळे, कापल्यामुळे, झिजल्यामुळे आहे त्या रूपात निश्चितपणे वापरता येणार नाही ते स्क्रॅप.

क्रियापद वापरताना स्पेलिंग सांभाळा, मी एकदा तोंडघशी पडलोय. बाहेरच्या देशातल्या ग्राहकाला मेल लिहिला की नाकारलेले ४० पीस आम्ही स्क्रॅप करतोय. त्यात 'पी' दोनदा लिहायचा, मी एकदाच लिहिला आणि ते झालं 'स्क्रेपिंग'. आता स्क्रेपिंग हे आमच्या धंद्यात खरोखरचं काम आहे, मशीनचा बेड हाताने खरवडून सपाट करतात ते. तिकडून उत्तर आलं, कुठल्या पृष्ठभागाचं स्क्रेपिंग, आणि त्याचा खर्च कोण देणार? साहेबांनी तो मेल प्रिंट काढून माझ्या टेबलावर ठेवला. बोलले काहीच नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

या क्रियापदाला मराठीत 'रद्द करणे' लिहितात. चालतं, पण त्याहून नेमका शब्द आपल्या जुन्या नाशकात पडलेला आहे. आई भांडी बाजारात चेपलेला तांब्या, गळकी कळशी घेऊन जायची आणि 'मोडीत' घालायची. दुकानदार मोडीचा भाव लावून, वजन करून तेवढे पैसे नव्या भांड्यातून वळते करायचा. एखादी योजना 'मोडीत काढली' म्हणतो तेव्हा त्यात तोच तांब्या असतो. इंग्रजीतही 'द प्लॅन वॉज स्क्रॅप्ड' म्हणतात ते असंच. जुनी गाडी स्क्रॅपला काढतो आणि योजना मोडीत काढतो, दोन्हीत एकच क्रिया.

'स्क्रॅप' म्हणजे किरकोळ मारामारी, हाही एक अर्थ आहे, मुलांच्या गोष्टींत येतो. पुढच्या पानावर तो मुलगा कुणाशी 'स्क्रॅप' करताना दिसला, तर भंगाराचा धंदा काढलाय असं समजू नका.