नवा सुती टॉवेल पाणी का टिपत नाही?

तुम्ही विचारलंय, की सोलापूरहून शुद्ध सुती म्हणून आणलेला टॉवेल पाणी टिपतच नाही, अंगावरून नुसतं सरकवतो; फसवलं का? मी इथे टॉवेल उकळून, ब्लीच करून रंगवायच्या कामात आहे. बहुधा फसवलेलं नाही.

घरीच बघा. पाण्याच्या एका वाटीत वातींचा कच्चा कापूस टाका, दुसरीत मेडिकलमधला. पहिला तरंगत राहतो, दुसरा काही सेकंदांत बुडतो. तंतू तोच, फरक फक्त वरच्या मेणाचा. हे मेण कापसाच्या वजनाच्या जेमतेम एक टक्का, बहुतेकदा त्याहूनही कमी. (समईतलं तेल मात्र तोच मेणचट कापूस सहज वर ओढतो. तेलाचं मेणाशी जमतं, पाण्याचं नाही.)

टॉवेलच्या धाग्यात तंतूंमधल्या फटी केसापेक्षाही अरुंद असतात. इतक्या चिंचोळ्या जागेत पाण्याच्या वजनाला फारशी किंमत उरत नाही, भिंत म्हणेल तसं पाणी वागतं. ०.१ मिमी त्रिज्येच्या स्वच्छ काचेच्या नळीत पाणी आपसूक सुमारे १५ सेंमी चढतं. तिलाच आतून मेण लावा, ते बाहेरच्या पातळीच्याही खाली जातं. पाणी भिंतीला ९० अंशांपेक्षा कमी कोनात टेकलं तर आत ओढलं जातं, जास्त कोनात टेकलं तर बाहेर ढकललं जातं. हा कोन कशावर ठरतो, ते थॉमस यंग यांनी १८०५ मध्येच मांडलं होतं.

आम्ही कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून ते मेण काढतो आणि शेवटी सॉफ्टनर, म्हणजे कापड मऊ करणारं रसायन, देतो. त्याचे रेणू एका टोकाने तंतूला धरतात आणि तेलकट शेपट्या बाहेर काढून बसतात. म्हणजे काढलेलं मेण वेगळ्या रूपात परत आलंच! मला हे मनापासून पटत नाही. पण गिऱ्हाईक दुकानात टॉवेलवर हात फिरवून बघतं, पाणी टाकून कोणी बघत नाही.

पहिल्या दोन-तीन वेळा कोमट पाण्यात, थोड्या पावडरीने धुवा. कंडिशनर अजिबात नको. बोअरच्या जड पाण्यात साबणाची वडीही टाळा, तिचा चिकट साका तंतूंवर बसतो. मग टॉवेलवर पाण्याचा थेंब सोडा. काही क्षणांत जिरला तर काम झालं.

तरीही मण्यासारखा बसून राहिला, तर एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. कागदासारखा वास येऊन भुरभुरीत राख झाली तर सूत. वितळून टणक गोळी झाली तर त्यात पॉलिएस्टर आहे. मग मात्र टॉवेल घेऊन दुकानात जा.