हाताची नस दुखावल्यावर तेल आणि शेक किती उपयोगी?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या दंडाचे हाड अडीच महिन्यांपूर्वी मोडले. हाड जुळत आले आहे, परंतु मनगट लुळे पडले असून बोटे सरळ करता येत नाहीत आणि अंगठ्यामागची त्वचा बधिर आहे. रेडियल नर्व्ह दुखावल्याचे सांगून डॉक्टरांनी वाट पाहण्यास सुचवले आहे. आयुर्वेदिक तेलाने व शेकाने नस लवकर बरी होईल का? नातेवाइकांनी सुचवलेली भस्मयुक्त गोळी द्यावी का?

उत्तर : ही नस दंडाच्या हाडाला वळसा घालून खाली उतरते, त्यामुळे हाड मोडताना ती ताणली किंवा दाबली जाते. ती तुटलेली नसेल तर बहुतेक रुग्णांत आपोआप सुधारते, मात्र दुखावलेला तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर एवढाच वाढतो आणि म्हणून मनगट उचलणाऱ्या स्नायूंपर्यंत पोहोचायला त्याला काही महिने लागतात. कोणतेही तेल हा वेग वाढवते, असे मी आपल्याला सांगणार नाही.

तरीही आयुर्वेदाला येथे महत्त्वाचे काम आहे. हाताची कार्यशक्ती हरवणाऱ्या ‘विश्वाची’ या विकाराचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात आहे, आणि वातव्याधींत स्नेहन (तेल-तुपाचा वापर) व स्वेदन (शेक) हे मुख्य उपचार मानले जातात. नस परत येईपर्यंत सांधे आखडले, तर चेतना आली तरी हात चालत नाही. ते टाळण्यासाठी बला तेल किंवा महानारायण तेल कोमट करून बोटे, तळवा व मनगट यांना हलका अभ्यंग करावा आणि लगेच दुसऱ्या हाताने प्रत्येक सांधा पूर्ण वाकवून सरळ करावा. हा व्यायाम दिवसातून अनेकदा व्हावा, कारण माझ्या मते त्याचे मोल तेलापेक्षाही अधिक आहे. मनगट उचलून धरणारा स्प्लिंटही नियमित वापरावा. मोडलेल्या जागी मात्र अस्थितज्ज्ञांनी परवानगी देईपर्यंत चोळू नये.

सुकत चाललेल्या स्नायूंसाठी वैद्य षष्टिकशाली पिंडस्वेद, म्हणजे शिजवलेल्या साठेसाळी तांदळाच्या गरम पोटलीचा शेक, सुचवतात. तो जाणकाराकडूनच घ्यावा आणि पोटली आधी निरोगी हाताला लावून पाहावी, कारण बधिर त्वचेला चटका कळत नाही आणि खोल भाजल्यावरच तो लक्षात येतो.

गोळी देऊ नये. शिशाच्या विषबाधेत मनगट नेमके असेच लुळे पडते, आणि नाग भस्म हे शिशाचेच असते. घटक माहीत नसलेले औषध दुखावलेल्या नसेवर आणखी एक आघात करू शकते.

आता सर्वांत निकडीची गोष्ट. नसेची विद्युत तपासणी दुखापतीनंतर साधारण ३ आठवड्यांनी उपयुक्त माहिती देऊ लागते, म्हणजे तिची वेळ केव्हाच आली आहे. ती झाली नसेल तर करून घ्यावी. अंगठ्याच्या बाजूला झुकून का होईना, मनगट किंचित उचलले जाऊ लागले तर ते सुधारणेचे चिन्ह आहे. बोटे व अंगठा त्यानंतर हलतात. दुखापतीला ४ महिने होईपर्यंत असे काहीच दिसले नाही, तर हाताच्या शल्यचिकित्सकांना भेटण्यास विलंब करू नये, कारण साधारण १२ ते १८ महिने चेतनेविना राहिलेला स्नायू नंतर नस जोडूनही नीट काम करत नाही. शस्त्रक्रिया झालीच, तर जखम भरल्यावर त्यांच्या संमतीने अभ्यंग पुन्हा सुरू करता येईल.