ग्रहीय तेजोमेघाचं अंतर रेडिओ निरीक्षणांवरून कसं काढतात?

ग्रहीय तेजोमेघ म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेलं, फुगत जाणारं वायूचं कवच. काही वर्षांच्या अंतराने तेजोमेघाची दोन रेडिओ चित्रं घ्यायची आणि तो आकाशात किती फुगला ते मोजायचं. वायूचा प्रत्यक्ष वेग वर्णरेषांच्या डॉप्लर सरकण्यावरून (वायू जवळ येतो की दूर जातो त्यानुसार तरंगलांबीत होणाऱ्या बदलावरून) मिळतो. मग:

अंतर (पार्सेक) = 211 × वेग (किमी/सेकंद) ÷ कोनीय प्रसरण (मिलीआर्कसेकंद/वर्ष)

वेग 20 आणि प्रसरण 4 असेल तर अंतर सुमारे 1,055 पार्सेक. (एक पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षं; आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3,600वा भाग आणि मिलीआर्कसेकंद त्याचा हजारावा.)

खरी कसोटी मोजणीत आहे. 5 गिगाहर्ट्झला व्हीएलए या अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणींच्या संचाची सर्वांत लांब मांडणी वापरली तरी विभेदन (वेगळा दिसू शकणारा सर्वांत बारीक तपशील) साधारण 0.4 आर्कसेकंद, 6 वर्षांतली वाढ मात्र 0.024. म्हणून चित्रांवर पट्टी लावून भागत नाही, वजाबाकी करावी लागते. दोन्ही वेळी तीच मांडणी, तीच वारंवारता, तोच कॅलिब्रेटर (मोजमाप जुळवायला वापरलेला ज्ञात रेडिओ स्रोत) हवा. पहिल्या चित्राचं मॉडेल घेऊन दुसऱ्या निरीक्षणाचं सेल्फ-कॅलिब्रेशन करतात, म्हणजे त्या मॉडेलशी जुळवून निरीक्षणातल्या चुका दुरुस्त करतात. त्यात निरपेक्ष स्थान हरवतं, पण इथे त्याची गरजच नसते. नंतरच्या चित्रातून आधीचं वजा केलं की बाहेर धन आणि आत ऋण कडं दिसायला हवं. तीव्रतेच्या मापात दोन-तीन टक्के फरक राहिला, तर कड्याऐवजी तेजोमेघाचीच फिकट प्रतिमा उरते.

सर्वांत फसवी चूक भौतिकीतली. रेडिओत सरकताना दिसते ती आयनीभवनाची कड (ताऱ्याच्या प्रारणाने वायूचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात त्या भागाची सीमा), आणि ती वायूपेक्षा वेगाने पुढे जाते. ही दुरुस्ती न केल्यास अंतर कमी येतं, कधी 20-30 टक्क्यांनी. शिवाय तेजोमेघ लांबट असेल, तर दृष्टिरेषेतला वेग आडव्या वेगाइतका नसतो; तिथे त्रिमितीय मॉडेलच लागतं.